चाळीसगाव सुटल्याचा फोन आला की: तासाभरात फ्लॅट आवरण्याची रीत

जळगावात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांची वर्दी बहुधा स्टेशनाच्या नावाने मिळते. मुंबई किंवा नाशिककडून निघालेली बहीण, मावशी किंवा व्याही मंडळी "आत्ताच चाळीसगाव सुटलं" असे फोनवर सांगतात आणि घरातल्या बाईमाणसाची व पुरुषमाणसाची नजर एकाच वेळी दिवाणावरच्या कपड्यांच्या ढिगाकडे जाते. चाळीसगाव ते जळगाव हे अंतर लोहमार्गाने सुमारे ९२ किलोमीटर आहे. वेगवान गाडीला त्यासाठी तासाभराच्या आसपास वेळ लागतो, आणि स्टेशनाबाहेर रिक्षा मिळून ती घराच्या फाटकाशी येईपर्यंत आणखी पंधरा-वीस मिनिटे जातात. म्हणजे हाती सव्वा तास असतो. फोन वाटेतल्या पाचोऱ्याहून आला तर त्याहूनही कमी. एवढ्या अवधीत हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांचा फ्लॅट पाहुण्यांना बसता-उठता येईल असा कसा करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य करावी लागते. तासाभरात घर स्वच्छ होत नाही. कानबाईच्या सणाआधी किंवा दिवाळीच्या तोंडावर आपण माळ्यावरचे डबे उतरवून, भांडी घासून, भिंतींची जळमटे काढून जी साफसफाई करतो, तिला दोन-तीन दिवस लागतात, आणि तिचाच छोटा नमुना तासाभरात उरकण्याचा प्रयत्न केला की प्रत्येक काम अर्धवट राहते. घाईच्या वेळी पहिला निर्णय कशाला हात लावायचा नाही याचा घ्यावा. कपाटाचे आतले कप्पे, फ्रिजचा आतला भाग, माळा, पुस्तकांची मांडणी, खिडक्यांच्या बाहेरच्या काचा यांपैकी काहीही त्या दिवशी उघडू नये. कपाट एकदा उघडले की त्यातून जुने फोटो निघतात आणि अर्धा तास कुठे गेला ते समजत नाही.

हात लावायचा तो पाहुण्याच्या वाटेला. तो दारातून येतो, चपला काढतो, हॉलमध्ये टेकतो, हातपाय धुण्यासाठी बेसिनकडे किंवा न्हाणीघरात जातो, शौचालय वापरतो आणि आपण पाणी आणायला वळलो की त्याची नजर स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोहोचते. एवढीच वाट. ती निर्मळ असली तर घर निर्मळ दिसते. मात्र हॉलमधला सगळा पसारा आतल्या खोलीत लोटून दार ओढून घेण्याची जी सोय आपण सगळेच करतो, तिला एक अपवाद ठेवावा: पाहुण्यांत वयस्कर माणूस, तान्हे मूल किंवा रात्रभर प्रवास केलेले कोणी असेल, तर एक खोली मोकळी हवीच. आमच्या घरी एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हॉलमधले सारे काही आतल्या पलंगावर रचून ठेवले होते, आणि आल्या आल्या पाच मिनिटांत आत्याबाई "जरा पाठ टेकते गं" म्हणत नेमक्या त्याच दाराकडे निघाल्या.

झाडण्यापूर्वी दहा मिनिटे

झाडू हातात घेण्याआधी दोन कामे उरकावीत. पहिले म्हणजे, ज्या डागांना भिजत पडण्याची गरज आहे त्यांना भिजत घालावे. शौचालयाच्या भांड्यात क्लीनर कडेने फिरवून सोडावा, ओट्यावरच्या तेलकट भागावर व गॅसच्या शेगडीवर साबणाचे गरम पाणी किंवा खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून ठेवावी, करपलेल्या कढईत पाणी घालून ती बाजूला सारावी, आणि नळांवर क्षारांचा पांढरा थर चढला असेल तर लिंबाच्या पाण्यात भिजवलेले फडके त्यांच्याभोवती गुंडाळावे. ही सर्व कामे मिळून पाच मिनिटांची आहेत, पण पुढची पंधरा-वीस मिनिटे आपण हॉलमध्ये असताना ही द्रावणे आपापले काम करत राहतात. घासण्याचा निम्मा जोर त्यामुळे वाचतो. पुष्कळजण क्लीनर ओतल्याबरोबर ब्रश फिरवतात आणि नंतर डाग निघत नाही म्हणून क्लीनरलाच नावे ठेवतात.

दुसरे काम टोपल्याचे. धुण्याच्या कपड्यांचे मोठे टोपले किंवा रिकामा टब घेऊन दारापासून सुरुवात करावी आणि जागेवर नसलेली प्रत्येक वस्तू त्यात टाकत घरभर एकच फेरी मारावी: चार्जर, वह्या, औषधांच्या पट्ट्या, मुलांचे खेळणे, वाळलेले कपडे, विजेचे बिल. वस्तू जागच्या जागी ठेवायला थांबू नये, कारण प्रत्येक वस्तूमागे एक कपाट आणि एक विचार असतो. याच फेरीत दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी असावी. सकाळची घंटागाडी निघून गेलेली असेल तर ती पिशवी गाठ मारून मागच्या बाल्कनीत ठेवावी, दाराबाहेर जिन्यात ठेवू नये, कारण पाहुण्याची वाट तिथूनच सुरू होते.

आधी कोरडे, मग ओले

सफाईचे जे सर्वसाधारण सल्ले वाचायला मिळतात, त्यांत खानदेशातल्या धुळीचा हिशेब धरलेला नसतो. मार्च उलटला की तापीच्या खोऱ्यातली काळी माती भेगाळते, नांगरलेल्या रानांवरून दुपारचे गरम वारे सुटतात आणि चौथ्या मजल्यावरच्या बंद खिडकीच्या रुळांतसुद्धा पिठासारखी बारीक धूळ साचते. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. ही धूळ कोरडी असेपर्यंत फडक्याला सहज येते, पण तिच्यावर पाणी पडले की ती पुन्हा माती होते. मी एकदा घाईत बाल्कनी आधी झाडून न घेता सरळ बादलीभर पाणी ओतले. पाच मिनिटांचे काम पंचवीस मिनिटांचे झाले, आणि तो चिखल हॉलच्या उंबऱ्यापर्यंत पायांनी आला तो वेगळाच. त्यामुळे आपल्याकडचा नियम असा धरावा की जिथे जिथे धूळ आहे तिथे आधी कोरडे फडके आणि झाडू, आणि पाणी सर्वांत शेवटी.

क्रम वरून खाली असावा, कारण वरची धूळ खालीच पडणार. सुरुवातीला पंखे आणि कुलर बंद करावेत. पंख्याच्या पात्यांवर काळी धार जमली असेल आणि उन्हाळ्याचे दिवस असतील, तर पाहुणा टेकताच वर पाहतो, म्हणून हॉलमधला तेवढा एक पंखा घ्यावा: जुना उशीचा अभ्रा पात्यावर पिशवीसारखा चढवून दोन्ही बाजूंनी दाबत ओढून घेतला की धूळ अभ्र्यातच राहते, खाली सोफ्यावर पडत नाही. त्यासाठी डुगडुगणारी प्लॅस्टिकची खुर्ची नको, पक्के स्टूल घ्यावे आणि कोणाला तरी ते धरायला सांगावे. हाती अर्ध्या तासाहून कमी वेळ असेल तर पंख्याला हात लावूच नये. अर्धवट पुसलेला पंखा फिरू लागला की सैल झालेली धूळ खोलीभर उडवतो, त्यापेक्षा चिकटून बसलेली धूळ बरी.

त्यानंतर कोपऱ्यांतली जळमटे काठीला बांधलेल्या झाडूने काढावीत, मग टीव्ही, शोकेसची काच, स्विचबोर्ड, टीपॉय आणि खिडकीच्या खालच्या पट्ट्या कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसाव्यात. हे फडके नसेल तर जुनी मऊ बनियन उत्तम काम देते. पडदे धुवायला वेळ नसतोच, म्हणून ते बाल्कनीकडे नेऊन दोनदा झटकावेत किंवा, त्याहून सोपे, एका बाजूला घडी करून बांधून टाकावेत. सोफ्याच्या गाद्या उचलून त्यांखालचा चुरा झाडूने खाली ओढावा, गाद्या उलट्या बाजूने ठेवाव्यात आणि दिवाणावर धुतलेली चादर ताणून घालावी. हॉलमध्ये सर्वांत मोठा फरक या चादरीने पडतो. फरशी कितीही चकाकत असली तरी चुरगळलेली चादर सारे पाण्यात घालते, आणि ताणलेली चादर कोपऱ्यातली पुष्कळशी धूळ सांभाळून घेते.

झाडताना आतल्या खोल्यांकडून दाराकडे यावे आणि केर प्रत्येक खोलीत सुपलीत भरावा. घरभराचा केर दारापर्यंत ओढत आणला की तो वाटेत पुन्हा पसरतो.

न्हाणीघर, बेसिन आणि क्षार

आता भिजत घातलेल्या जागांकडे यावे. वीस मिनिटे होऊन गेलेली असतात. शौचालयाच्या भांड्यात ब्रश फिरवून फ्लश करावे, बैठक आणि तिची खालची बाजू वेगळ्या फडक्याने पुसावी आणि ते फडके लगेच बाजूला टाकावे. तेच फडके बेसिनला लावण्याचा मोह घाईत होतो, तो टाळावा.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत नळ, शॉवर, बादल्या आणि टाइल्स यांच्यावर पांढरा खरबरीत थर चढतो. तो मळ नसून पाण्यातल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर असतो, त्यामुळे साबणाने तो हलत नाही. त्याला आम्ल लागते. लिंबाची फोड, व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून लावले की थर सुटतो, आणि मग जुन्या टूथब्रशने नळाची मान घासून कोरड्या फडक्याने पुसली की स्टील चमकते. वर्षानुवर्षे चढलेला थर मात्र एका तासात निघत नाही. त्याच्यामागे लागू नये. नळ चकचकीत झाला की लोकांचे टाइल्सकडे लक्ष जात नाही, असा माझा अनुभव आहे.

सोडा आणि लिंबू एकत्र कालवून फेस आणण्याची जी पद्धत हल्ली फार दिसते, ती येथे कामाची नाही. फेस आला म्हणजे आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवून बसले. मागे उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. तेलकटपणाला सोडा, क्षाराला लिंबू, असे दोघांना वेगवेगळे ठेवावे.

दोन धोके या ठिकाणी स्पष्टपणे सांगायला हवेत. शौचालयाच्या बहुतेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यावर किंवा त्याच्या जोडीने ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण कधीही टाकू नये, कारण दोन्ही मिसळली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि आपली न्हाणीघरे लहान व कोंदट असतात. घाईत "दोन्ही टाकू, लवकर निघेल" हा विचार मनात येतो, म्हणूनच हे लिहिले. दुसरा धोका दगडाचा आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या अंशाचे दगड आहेत. त्यांच्यावर लिंबू किंवा क्लीनर पडला तर दगडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि तिथे कायमचा फिका डाग राहतो. आमच्या ओट्याच्या कडप्प्यावर असा एक चंद्रकोरीसारखा डाग आहे. अर्धे लिंबू तिथे रात्रभर पालथे पडले होते.

न्हाणीघरात शेवटी जाळीवरचे केस उचलावेत, बादली-मग उपडे घालावेत, दोऱ्यांवरचे ओले कपडे काढावेत, वायपरने फरशीवरचे पाणी ओढावे, आणि धुतलेला हात-रुमाल व न वापरलेला साबण ठेवावा. ओल्या फरशीवर वयस्कर पाहुण्याचा पाय घसरण्याची भीती असते, म्हणून हे पाणी ओढणे टाळू नये.

स्वयंपाकघर

ओटा मोकळा दिसला की स्वयंपाकघर आवरलेले दिसते. मिक्सर, डब्यांची झाकणे, अर्धी चिरलेली मेथीची जुडी, सगळे ओट्यावरून उचलावे. मोरीत भांडी साचली असतील आणि घासायला वेळ नसेल, तर ती विसळून, मोठ्यात लहान अशी रचून, एका घमेल्यात घालावीत आणि वर ताट पालथे ठेवावे. मोरी रिकामी करून तिच्यावर साबणाचा एक हात फिरवावा. घमेल्यातली भांडी कोणाला दिसत नाहीत, मोरीतली भांडी मात्र सगळ्यांना दिसतात.

सोड्याने भिजलेली शेगडी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, सोड्याचा पांढरा माग राहतो म्हणून दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्याने पुसावी. हिवाळ्यात आपल्याकडे आणखी एक पंचाईत असते. भरताची वांगी खरे तर कपाशीच्या काड्यांवर मोकळ्यात भाजायची, पण फ्लॅटमध्ये ती गॅसवर भाजली जातात, आणि त्यांच्या जळक्या सालींचे काळे पापुद्रे शेगडीच्या जाळ्यांत, बर्नरच्या छिद्रांत आणि शेजारच्या टाइल्सवर जाऊन बसतात. ते ओल्या फडक्याने पुसले की काजळी पसरते. आधी कोरड्या कागदाने उचलावेत, मग पुसावे. बर्नरची छिद्रे टाचणीने मोकळी करावीत, नाहीतर पाहुण्यांचा चहा पिवळ्या ज्योतीवर रेंगाळतो. केळीच्या चिकाचे डाग ज्या फडक्यांवर पडले आहेत ती फडकी त्या दिवशी दृष्टिआड करावीत, कारण ते डाग जुने झाले की धुऊनही जात नाहीत.

वासाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ठेच्यासाठी भाजलेल्या मिरच्यांचा ठसका आपल्याला अंगवळणी पडलेला असतो, पुण्या-मुंबईच्या भाच्यांना तो दारातच खोकायला लावतो. एक्झॉस्ट पंखा दहा मिनिटे चालवावा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र खिडक्या फार वेळ उघड्या ठेवल्या तर पुसलेली धूळ परत येते, तेव्हा पाच मिनिटे पुरे.

कुलर हा वासाचा दुसरा उगम. तळातले पाणी शिळे झाले असेल तर तो सुरू करताच खोलीभर कुबट वास पसरतो. ते पाणी काढून टाकावे, तळ फडक्याने कोरडा करून ताजे पाणी भरावे आणि पाहुणे येण्यापूर्वी खिडकी उघडी ठेवून तो काही वेळ चालवून पाहावा. एरवीही आठवड्यातून एकदा कुलरची टाकी रिकामी करून कोरडी घासायलाच हवी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

शेवटी पाणी

खानदेशातल्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे फरशी पुसण्याचा बेत साठवणीकडे पाहून करावा. येणारे चारजण स्नान करणार आहेत हे लक्षात ठेवून, फरशीसाठी दोन अर्ध्या बादल्या पुरवाव्यात: एकीत फिनाइलचे किंवा फरशीच्या क्लीनरचे पाणी, दुसरीत फडके पिळण्याचे साधे पाणी. एकाच बादलीत पुसणे आणि पिळणे केले की तिसऱ्या फेरीपासून आपण मातीच पसरवत असतो. हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघर एवढेच पुसावे, पलंगाखाली जाऊ नये, आणि आतून दाराकडे मागे सरकत यावे. एप्रिल-मे महिन्यांत फरशी पाच मिनिटांत वाळते, म्हणून हे काम गाडी जळगावात पोहोचल्यावरही उरकता येते. पावसाळ्यात पंखा लावूनही अर्धा तास ओल राहते, त्यामुळे तेव्हा ते आधीच संपवावे. पिळण्याचे उरलेले गढूळ पाणी बाल्कनीच्या फरशीवर फिरवावे, कुंड्यांत घालू नये. त्यात फिनाइल असते.

घरात मदतीला माणसे असतील तर त्यांना खोल्या वाटून देऊ नयेत, कामे वाटून द्यावीत. एकाने फक्त टोपले घेऊन फिरावे, दुसऱ्याने फक्त पाण्याची कामे करावीत, मुलांनी चपला रचाव्यात आणि जिन्यातला उंबरा झाडावा. खोली वाटून दिली की प्रत्येकजण आपल्या खोलीत बसून कशात तरी रमतो, विशेषतः ज्या खोलीत टीव्ही आहे त्या खोलीतला.

फोन पाचोऱ्याहून आला असेल तर पंखा, शेगडी आणि फरशी ही तिन्ही सोडावीत. टोपले, शौचालय, बेसिन, चादर आणि एक झाडू, एवढ्यात निभते. पाहुणे स्टेशनाबाहेर उभे राहून रिक्षा पाहत असतील तर फक्त शौचालय पाहावे, चादर ताणावी, ओट्यावरचे उचलावे आणि माठ भरावा. पाणी देताना पेला मात्र विसळून, पालथा निथळून घेतलेला असावा. क्षारांमुळे स्टीलच्या पेल्यावर उठणारे पांढरे ठिपके पाहुण्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ येतात.

राहता राहिले ते टोपले. ते जिथे लपवले असेल तिथून त्याच रात्री, पाहुणे झोपल्यावर, बाहेर काढून रिकामे करावे. आमच्याकडे एकदा ते दुसऱ्या दिवशीवर टाकले गेले, त्यावर धुण्याचे कपडे पडले, आणि गॅसचे पुस्तक तीन आठवडे सापडले नाही.